फ्रिट्झ लांग : निर्णयाची रात्र आणि अपराधाचे आयुष्य

फ्रिट्झ लांग यांचा जन्म ५ डिसेंबर १८९० रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील बांधकाम-व्यवसायात होते; आई जन्माने ज्यू असून पुढे कॅथलिक झाल्या होत्या. पहिल्या महायुद्धात जखमी झालेले लांग युद्धानंतर बर्लिनच्या चित्रपटसृष्टीत स्थिरावले. १९२० मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नीचा गोळी लागून मृत्यू झाला आणि त्याचा पुरता उलगडा कधीच झाला नाही. लांग यांच्या चित्रपटांतील अपराधभावाचे मूळ या घटनेत शोधण्याचा मोह चरित्रकारांना होतो. तो आवरलेला बरा. कलाकृतींची साक्ष अधिक विश्वसनीय आहे.

१९२२ मध्ये त्यांनी लेखिका थेआ फॉन हार्बू यांच्याशी विवाह केला. ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) आणि ‘एम’ (१९३१) ही या सहकार्याचीच फळे होत. ‘एम’ हा लांग यांचा पहिला बोलपट. बालकांचा खुनी त्यात शिळेवरून ओळखला जातो आणि गुन्हेगारांच्याच न्यायसभेपुढे उभा केला जातो. आपला पाठलाग करणारे आपणच आहोत, हे त्याचे तेथील निवेदन ऐकताना रहस्यकथेचे रूपांतर मनोव्यापाराच्या शोधात झालेले जाणवते.

१९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांच्या डॉ. माबुझेविषयक नव्या चित्रपटावर बंदी घातली. त्याच वर्षी पतिपत्नी विभक्त झाली. हार्बू जर्मनीतच राहिल्या. मराठी पत्रकार तेंडुलकर यांच्याशी त्यांचे जुळलेले नाते काही वाचकांस ठाऊक असेल. लांग पुढे सांगत, की गोबेल्स यांनी आपणांस जर्मन चित्रपटाचे नेतृत्व देऊ केले आणि त्याच रात्री आपण देश सोडला. त्यांचे पारपत्र मात्र त्या वर्षी कित्येक महिने चाललेल्या ये-जा प्रवासाची नोंद दाखवते. देशत्याग खराच होता. पण महिनोन्‌महिने घडत गेलेला निर्णय त्यांनी कथनात एका रात्रीत बसवला.

चित्रपटांत त्यांनी नेमके उलट केले. पॅरिसमार्गे १९३४ मध्ये अमेरिकेत गेल्यावर काढलेला ‘स्कार्लेट स्ट्रीट’ (१९४५) याचे उत्तम उदाहरण होय. ज्या फ्रेंच कादंबरीवर जाँ रन्वार यांनी १९३१ मध्ये चित्रपट केला होता, तिचेच हे दुसरे रूप. दोहोंतही एक सौम्य, चित्रकलेचा छंद असलेला रोखपाल प्रेयसीचा खून करतो आणि मृत्युदंड भोगतो दुसराच. रन्वार यांचा नायक शेवटी निश्चिंत भटक्या होतो. लांग यांच्या नायकाला कायदा शिक्षा करीत नाही. तो कबुली देऊ पाहतो, तेव्हा कोणी विश्वास ठेवीत नाही. मृतांचे आवाज मात्र त्याला सोडीत नाहीत, आणि अखेरीस गजबजलेल्या रस्त्यावरही तो एकटाच उरतो. न्यायालयात खोटी साक्ष देण्याचा क्षणभराचा निर्णय येथे संपूर्ण आयुष्य व्यापतो. गुन्हेगारास शिक्षा झालीच पाहिजे, या तत्कालीन अमेरिकी संकेतास लांग यांनी दिलेले हे उत्तर होते. तरीही १९४६ मध्ये न्यूयॉर्कसह काही शहरांत चित्रपटावर तात्पुरती बंदी आलीच.

२ ऑगस्ट १९७६ रोजी कॅलिफोर्नियात लांग निवर्तले. स्वतःच्या निर्णयाची त्यांनी दंतकथा केली; पात्रांच्या निर्णयांना मात्र तशी सवलत त्यांनी दिली नाही. त्यांच्या कलेचे नैतिक बळ या कठोरपणात आहे.