औट्रम घाटाचा औट्रम

चाळीसगाव सोडून कन्नडकडे निघाले की सातमाळ्याचा घाट लागतो. सरकारी कागदोपत्री आणि बोलण्यातही तो औट्रम घाट. घाटात वाहने अडकली, दरड कोसळली, की जळगाव-धुळ्याच्या वर्तमानपत्रांत हे नाव हमखास छापून येते. २०२१ च्या पावसाळ्यात घाट बंद पडला तेव्हा तर ते रोज वाचायला मिळत होते. शेजारच्या जंगलालाही १९८६ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्य असेच नाव मिळाले. पण हा औट्रम कोण, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच असते: असेल कोणीतरी गोरा साहेब.

अलीकडे हा प्रश्न मला जास्त विचारला जातो तो सायकलवाल्या मुलांकडून. जाड टायरच्या, मुरुमावर आणि खडीवर चालणाऱ्या सायकली घेऊन शहरातली मुले रविवारी डोंगरात जातात. चाळीसगावपासून पाटणादेवी साधारण अठरा किलोमीटर. तिथपर्यंत डांबरी रस्ता, आणि आसपास बैलगाडीच्या चाकोऱ्या नि गुराख्यांच्या वाटा. अभयारण्यात शिरायचे तर वनखात्याची परवानगी लागते, हे त्यांना मी आधी सांगतो. मग औट्रमची गोष्ट सांगतो. कारण या डोंगरातल्या वाटांचा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी त्याच्यासमोर निराळ्या रूपात उभा होता.

जेम्स औट्रमचा जन्म २९ जानेवारी १८०३ चा, इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा. वाटा बांधणे त्याच्या घरातच होते. वडील बेंजामिन औट्रम हे नावाजलेले इंजिनिअर. आगगाडी यायच्या आधी, घोड्यांनी ओढायच्या वाघिणींसाठी डोंगराळ मुलखात लोखंडी मार्ग टाकणारे. पण १८०५ मध्ये ते वारले आणि घरची घडी विस्कटली. आईने ओढाताणीत मुले वाढवली. सोळाव्या वर्षी, १८१९ मध्ये, जेम्स कंपनीच्या लष्करात भरती होऊन मुंबईला उतरला.

त्या वेळचा खानदेश डोळ्यांपुढे आणायला हवा. होळकर-शिंद्यांच्या लढाया आणि १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ यांत गावेच्या गावे उठली होती. गावाची राखण करून हक्काचे धान्य घेणारे भिल्ल जागल्ये निराधार झाले. गावच उरले नाही, तर जागल्याला बलुते कोण देणार? ते डोंगरात गेले आणि घाटवाटा अडवू लागले. त्यांना वाटाघाटीला बोलवायचे आणि दग्याने मारायचे, असा रिवाज पेशवाईच्या अखेरीस पडला होता. कोपरगावला जमवलेल्या भिल्लांना विहिरींत लोटून मारले, ही हकीकत डोंगरात घरोघर ठाऊक होती.

१८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आला. पुढची सात वर्षे त्यांनी पलटणी धाडून पाहिल्या. डोंगरात वाट सापडत नव्हती, वाट दाखवणारा मिळत नव्हता, आणि शिपाई गोळीपेक्षा हिवतापाने अधिक मरत होते. शेवटी मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी १८२५ मध्ये धोरण बदलले. भिल्लांसाठी वेगळ्या एजन्सी नेमल्या. कन्नडला ओव्हान्स नावाच्या अधिकाऱ्याने जमीन, बी-बियाणे, बैल आणि तगाई देऊन वस्त्या बसवायला घेतल्या. आणि भिल्लांचीच एक पलटण उभी करायचे काम बावीस वर्षांच्या औट्रमवर आले.

त्याची सुरुवात काही प्रेमळ नव्हती, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. आधी त्याने फौज घेऊन डोंगरातल्या टोळ्यांवर छापा घातला, माणसे धरली. पण मग जे केले ते नवे होते. धरलेल्या बायकामाणसांतूनच त्याने निरोप धाडले आणि स्वतः हत्यार न घेता त्यांच्या वस्त्यांवर जाऊ लागला. त्यांच्याबरोबर शिकार केली, त्यांच्या पंगतीला बसला, दुखण्याखुपण्याची विचारपूस केली. पाच नाईक त्याच्याकडे आले. जुलै १८२५ मध्ये भरती झालेली माणसे होती फक्त पंचवीस.

मी उभी नोकरी बँकेत काढली. तारण नसलेल्या माणसाला कर्ज द्यायचे की नाही, हा प्रश्न रोजचा. शेवटी कागदापेक्षा समोरचा माणूस पाहावा लागतो. म्हणून मला त्या पंचवीसजणांचे अधिक वाटते. औट्रमने जीव धोक्यात घातला हे खरे. पण ज्यांच्या आजवरच्या अनुभवात सरकारी बोलावणे म्हणजे मरण होते, त्यांनी ते स्वीकारले. उधारी त्यांनी दिली होती. धोका त्यांचा मोठा होता.

पलटणीचे ठाणे धरणगावला होते. त्यातली एक हकीकत मला फार मोलाची वाटते. ही भिल्ल मंडळी पहिल्यांदा मालेगावच्या छावणीत गेली, तेव्हा लोक त्यांना हिणवतील अशी धास्ती होती. पण औट्रमच्या जुन्या पलटणीतले शिपाई, त्यांत उच्चवर्णीयही होते, त्यांच्या भेटीला आले आणि बरोबरीच्या नात्याने पानसुपारी दिली. डोंगरात ही बातमी पोचली, भरती वाढली आणि पुढे पलटण सहाशेच्या घरात गेली. कालपर्यंत वाट अडवणारे आता वाट राखू लागले. व्यापाऱ्यांचे बैल घाटांतून पुन्हा चालू लागले.

शिकारीचे आकडे आज वाचवत नाहीत. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत औट्रम हजर असताना १९१ वाघ मारले गेले. ज्या डोंगरात वाघाचा ठसा दिसला तर आज बातमी होते, तिथली ही गोष्ट आहे. १८३० मध्ये त्याने डांगच्या राजांवर स्वारी करून तो मुलूखही कंपनीच्या पायाशी आणला. वाट उघडली की तिच्यावरून आधी कोण चालत जातो, हेही पाहावे लागते. इथे फौज गेली आणि मागोमाग सागवानाचे व्यापारी.

१८३५ मध्ये औट्रमने खानदेश सोडला. पुढची कारकीर्द मोठी. अफगाण युद्धात नाव झाले. सिंध १८४३ मध्ये गिळंकृत केला, तेव्हा तो अन्याय आहे असे त्याने वरिष्ठांना न भिता मांडले आणि लुटीच्या वाट्याचे पैसे धर्मादाय देऊन टाकले. १८५७ मध्ये लखनौच्या वाटेवर हुद्द्याने मोठा असूनही नेतृत्व हॅवलॉकला देऊन स्वतः साधा स्वयंसेवक म्हणून चालला. ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समध्ये पो या गावी तो वारला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याला पुरले आहे.

पण तो लखनौला असताना खानदेशात काय चालले होते? सातपुड्यातल्या सेंधवा घाटाची रखवाली वर्षानुवर्षे केलेले खाज्या नाईक सरकारविरुद्ध उभे ठाकले होते. त्यांच्याबरोबर भीमा नाईक होते. घाटातून जाणारा काही लाखांचा खजिना त्यांनी लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीच्या डोंगरात मोठी लढाई झाली आणि भिल्लांचे रक्त सांडले. औट्रमने उभारलेली पलटण मात्र त्या धामधुमीत सरकारच्याच बाजूला राहिली. घाट राखणारा एक भिल्ल बंडात, दुसरा पलटणीत. औट्रमने मिळवलेला विश्वास एका माणसावरचा होता. तो माणूस गेला, आणि डोंगराशी बोलणारे सरकारात फारसे कोणी उरले नाही.

त्याच्या चरित्रात एक गोष्ट येते. तो गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्याच्या जुन्या शिपायांना कुठेशी एक ओबडधोबड मूर्ती सापडली. तिच्यात त्यांना साहेबाचा तोंडवळा दिसला, आणि औट्रम साहेब म्हणून त्यांनी तिची पूजा सुरू केली. इंग्रजांनी ही गोष्ट कौतुकाने लिहून ठेवली. मला ती वाचताना त्या शिपायांची नावे शोधावीशी वाटतात. घाटाला औट्रमचे नाव मिळाले, अभयारण्यालाही मिळाले. पहिल्या पाच नाईकांपैकी एकाचेही नाव तिथल्या दगडावर नाही.

म्हणून सायकलवाल्या मुलांना मी इतकेच सांगतो. मोबाइलवरचा नकाशा जवळ असू द्या, पण डोंगरात शिरताना पायथ्याच्या पाड्यावरचा एखादा वाटाड्या बरोबर घ्या. कोणत्या ओढ्याला पाणी कधी चढते, कोणती वाट कड्यावर जाऊन संपते, हे त्याला ठाऊक असते. त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. आणि परत आल्यावर फोटोखाली वाटेचे नाव लिहाल, तेव्हा त्याला विचारून त्याचेही लिहा.