आठ भावांचा संघ : जिमी जॉर्ज



क्रिकेट खेळाडूंची नावे आपल्याला तोंडपाठ असतात. पण जिमी जॉर्ज हे नाव मी वर्गात विचारले, तर कोणालाच सांगता आले नाही. म्हणून मी त्यांचीच माहिती लिहायचे ठरवले.

केरळ राज्यातील कण्णूर जिल्ह्यात पेरावूर हे गाव आहे. आपला सह्याद्री खाली दक्षिणेला थेट तिथवर जातो. या गावी ८ मार्च १९५५ रोजी जिमींचा जन्म झाला. वडिलांचे नाव जॉर्ज जोसेफ व आईचे नाव मेरी. वडील स्वतः विद्यापीठाच्या संघातून व्हॉलीबॉल खेळलेले होते. मुलांना हा खेळ त्यांनीच शिकवला. घरात आठ भाऊ आणि आठही खेळणारे! व्हॉलीबॉलला मैदानात सहा जण लागतात. म्हणजे एकाच घरातून अख्खा संघ उभा राहायचा आणि वर दोन राखीव उरायचे! जॉर्ज बंधूंचा संघ म्हणून सगळ्या केरळात त्यांचे नाव झाले.

या भावांमध्ये जिमी सर्वांत पुढे गेले. १९७१ साली, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी ते केरळच्या संघात आले. पुरुषांच्या सामन्यात जाळी २.४३ मीटर, म्हणजे जवळजवळ आठ फूट उंच असते. जिमी तिच्याही वर झेप घेत आणि क्षणभर हवेत थांबल्यासारखे दिसत. मग असा स्मॅश मारीत की समोरच्यांना चेंडू उचलता येत नसे. १९७४ साली तेहरानच्या आशियाई स्पर्धेत ते भारताकडून खेळले. १९७६ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा ते फक्त एकवीस वर्षांचे होते.

आता खरी गंमत ऐका. जिमी अभ्यासातही हुशार होते. डॉक्टर होण्यासाठी ते शिकत होते. पण दोन्ही गोष्टी जमेनात. तेव्हा त्यांनी डॉक्टरकी सोडली आणि ते केरळ पोलीस दलात दाखल होऊन खेळत राहिले. आपल्याकडे कुणी असे केले तर घरात केवढा गोंधळ होईल!

१९७९ मध्ये ते अबुधाबीच्या क्लबकडून खेळायला गेले. १९८२ मध्ये इटलीला गेले. जगातले नामवंत खेळाडू तिथे खेळतात. त्यांच्यात या पेरावूरच्या मुलाने आपले स्थान मिळवले. खेळ हेच त्यांचे काम झाले.

परदेशात राहूनही ते देशाला विसरले नाहीत. १९८६ साली सोल येथील आशियाई स्पर्धेत भारताने जपानला मागे टाकून कांस्यपदक मिळवले. १९६२ नंतर प्रथमच आपल्याला हे यश मिळाले होते. त्या संघात जिमी होते.

पण पुढच्याच वर्षी, ३० नोव्हेंबर १९८७ रोजी, इटलीत मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. हे वाचताना मला फार वाईट वाटले. आठांमधला एक गेला, ती जागा कोण भरणार?

इटलीतील मोंतिकियारी या गावाने आपल्या क्रीडागृहाला त्यांचे नाव दिले. परक्या देशात आपल्या माणसाचे नाव लागणे ही काय साधी गोष्ट आहे? तिरुवनंतपुरम येथेही त्यांच्या नावाचे स्टेडियम आहे.

त्या घरातला खेळ मात्र थांबला नाही. त्यांचे धाकटे भाऊ बॉबी तिहेरी उडीचे खेळाडू व पुढे प्रशिक्षक झाले. बॉबींच्या पत्नी अंजू यांनी २००३ साली पॅरिसच्या जागतिक मैदानी स्पर्धेत ६.७० मीटर लांब उडी मारून कांस्यपदक जिंकले. जागतिक मैदानी स्पर्धेत पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. जिमींना हे पाहायला मिळाले नाही.

पालकहो, एक विनंती करते. खेळून का पोट भरतं, असे आम्हाला नेहमी ऐकावे लागते. सगळेच काही जिमी होणार नाहीत, हे आम्हालाही कळते. पण त्यांच्या वडिलांनी मुलांच्या हातात चेंडू दिला, म्हणून हे सारे घडले. अभ्यास झाल्यावर तासभर तरी आम्हाला मैदानावर जाऊ द्या. मुलींनासुद्धा!

जिमी जॉर्ज यांना आमच्या वर्गाचे विनम्र अभिवादन.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी