रिचर्ड राइट : वर्णद्वेष आणि नैतिक जबाबदारीचा प्रश्न

अन्याय सोसणारा मनुष्य सद्गुणी असलाच पाहिजे, हे वर्णद्वेषविरोधी साहित्याचे एक जुने गृहीतक होय. अमेरिकन कादंबरीत या गृहीतकाला सर्वांत मोठा धक्का रिचर्ड राइट यांनी दिला. त्यामागील कारणे त्यांच्या जीवनक्रमात बऱ्याच अंशी सापडतात.

राइट यांचा जन्म ४ सप्टेंबर १९०८ रोजी मिसिसिपी राज्यात नॅचेझजवळ झाला. वडील बटाईने शेती करीत. आई शिक्षिका होती. पुढे वडिलांनी कुटुंबाचा त्याग केला आणि आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळली. मावशीच्या पतीचा मद्यविक्रीचा धंदा चांगला चालत असे. त्यापायी आर्कान्सामध्ये गोऱ्यांनी त्यांची हत्या केली आणि कुटुंबाला शोक करण्याचीही सवड न मिळता तेथून पळून जावे लागले. भय हा राइट यांच्या साहित्याचा स्थायी विषय का झाला, याचे उत्तर येथे मिळते. मेम्फिसमधील ग्रंथालय कृष्णवर्णीयांना पुस्तके देत नसे. तेव्हा एका गोऱ्या सहकाऱ्याचे कार्ड घेऊन आणि त्याच्या नावाची खोटी चिठ्ठी लिहून राइट यांनी आपले वाचन सुरू केले.

१९२७ मध्ये ते शिकागोला आले. तेथील झोपडवस्ती, टपालखात्यातील नोकरी आणि कम्युनिस्ट चळवळ यांतून त्यांचा लेखक घडला. १९३८ च्या 'अंकल टॉम्स चिल्ड्रन' या कथासंग्रहाचे स्वागत झाले. परंतु सुखवस्तू वाचक त्यावर अश्रू ढाळून मोकळे होतात, हे राइट यांना खटकले. अश्रूंनी सुटका होणार नाही असे पुस्तक लिहिण्याचा त्यांनी निश्चय केला. त्यातून १९४० मध्ये 'नेटिव्ह सन' प्रसिद्ध झाली.

तिचा नायक बिगर थॉमस हा वीस वर्षांचा तरुण. गोऱ्या मुलीच्या खोलीत आपण सापडू, या भयाने त्याच्या हातून तिचा मृत्यू होतो. पुढे तो आपल्या कृष्णवर्णीय प्रेयसीचाही खून करतो, तो मात्र जाणूनबुजून. राइट त्याला निर्दोष ठरवीत नाहीत. त्याच वेळी, कृष्णवर्णीयांच्या संस्थांना देणग्या देणारा गोरा धनिकच त्यांच्या कोंदट खोल्यांचे जबर भाडे वसूल करतो, हेही ते दाखवितात. वर्णद्वेष पीडिताची नीतिबुद्धी विकृत करतो आणि पीडकाला स्वतःच्या दातृत्वाने आंधळे करतो, असा हा दुहेरी निष्कर्ष आहे.

चित्रपटाचे स्थान येथे विशेष लक्षणीय ठरते. कादंबरीत बिगर चित्रपटगृहात गोऱ्यांचे विलासी जीवन आणि 'ट्रेडर हॉर्न'मधील आफ्रिका पाहतो. पडदा त्याला एकाच वेळी लालसा आणि न्यूनत्व शिकवितो. या प्रसंगाचा काही भाग ग्रंथमंडळाच्या आग्रहाने गाळला गेला. तो १९९१ मध्ये पुनःस्थापित झाला. कादंबरीतील पात्रे गोरी करून चित्रपट काढण्याचा हॉलिवूडचा प्रस्ताव राइट यांनी नाकारला. अखेर पिएर शनाल यांनी अर्जेंटिनात चित्रपट केला आणि चाळिशी ओलांडलेल्या राइट यांनी स्वतः बिगरची भूमिका केली. अभिनय म्हणून तो प्रयत्न दुबळा ठरला. १९५१ मध्ये अमेरिकेत दाखविताना त्यावर मोठी कात्री चालली.

'ब्लॅक बॉय' (१९४५) या आत्मकथनानंतर, १९४७ पासून राइट पॅरिसला स्थायिक झाले. बिगरच्या रूपाने राइट यांनी वर्णद्वेषी प्रतिमेलाच मान्यता दिली, असा आक्षेप जेम्स बाल्डविन यांनी घेतला. तो सर्वस्वी निराधार नाही. बिगरच्या समाजातील स्नेह आणि संस्कृती कादंबरीत अत्यल्प आहे. तथापि प्रतिमा कोण घडवितो, हा प्रश्न कादंबरीनेच प्रथम इतक्या तीव्रतेने विचारला होता. १९५५ च्या बांडुंग परिषदेला उपस्थित राहून राइट यांनी वर्णप्रश्नाचा विचार आशिया-आफ्रिकेपर्यंत नेला. २८ नोव्हेंबर १९६० रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

मराठीत दलित साहित्याच्या चर्चेत कृष्णवर्णीय साहित्याशी तुलना वारंवार झाली. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्याचा परिचय मराठी वाचकाला करून दिला. या तुलनेत राइट यांचे महत्त्व केवळ विद्रोहापुरते सीमित नाही. पीडिताबद्दल करुणा बाळगण्यासाठी त्याच्या निष्पापतेची अट घालणे हेही अन्यायाचेच एक रूप आहे, ही जाणीव त्यांच्या लेखनातून मिळते.