अपस्मारग्रस्तांचा पाळक : फ्रीड्रिख फॉन बोडेलश्विंग

फेफऱ्याचा रोगी ज्या घरी असतो, त्या घराचा उंबरठा शेजारी सहसा ओलांडीत नाहीत. आई चुलीपाशी असो की शेतात, तिचा एक कान सदा लेकराकडे लागलेला असतो. बाप प्रथम वैद्याकडे जातो, मग देवऋषीकडे, आणि अखेरीस कोणाकडेच जात नाही. मुलीला फेफरे येत असेल तर ते लपविण्यात सारे घर झिजते. रोगी एक असतो; परंतु बंदिवास सर्व कुटुंबाला घडतो. अशा कुटुंबांचे ओझे ख्रिस्ती मंडळीने आपल्या खांद्यावर घ्यावे, हे ज्याने आपल्या सबंध आयुष्याने शिकविले, त्या जर्मन पाळकाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

फ्रीड्रिख फॉन बोडेलश्विंग यांचा जन्म ६ मार्च १८३१ रोजी जर्मनीच्या वेस्टफालिया प्रांतात, टेक्लेनबुर्ग गावाजवळ झाला. घराणे सरदारी होते. वडील पुढे प्रशियाच्या राजाचे मंत्री झाले, त्यामुळे फ्रीड्रिखचे बालपण काही काळ बर्लिन येथे राजवाड्याच्या सावलीत गेले. राजपुत्र त्याचा खेळगडी होता. असा मुलगा मोठा होऊन दरबारात मान मिळवील, असेच कोणालाही वाटले असते. पण त्याने शेतीचे शिक्षण घेतले आणि पोमेरानिया प्रांतातील एका मोठ्या जमीनदारीवर कारभारी म्हणून तो राहिला. तेथे शेतमजुरांचे दारिद्र्य व दारूचे व्यसन त्याने रोज डोळ्यांनी पाहिले.

मजुरांच्या मुलांना वाटण्यासाठी त्याच्याजवळ लहान लहान धार्मिक पुस्तिका असत. त्यांतील एका गरीब चिनी मुलाची गोष्ट एके दिवशी त्याने स्वतः वाचली, आणि देवाने आपल्याला बोलाविले आहे अशी त्याची खात्री झाली. आमच्या ज्या उपदेशक बंधूंना बाजारच्या दिवशी पत्रके वाटताना आपले श्रम मातीत गेले असे वाटते, त्यांनी हे ध्यानी धरावे. एका लहानशा पुस्तिकेने एक कारभारी उठविला, आणि त्याच्या हातून पुढे हजारो घरांना आसरा मिळाला. १८५४ पासून त्याने बासेल, एर्लांगेन व बर्लिन येथे ईश्वरज्ञानाचा अभ्यास केला. परदेशी मिशनरी होण्याची त्याची इच्छा होती. परंतु देवाने त्याला दुसरे शेत नेमून दिले.

१८५८ साली तो पॅरिस शहरी गेला. तेथे पोटासाठी आलेले हजारो गरीब जर्मन लोक रस्ते झाडीत व चिंध्या वेचीत. त्यांची मुले शाळेवाचून, मंडळीवाचून वाढत होती. बोडेलश्विंगने त्यांच्या वस्तीत शाळा काढली व टेकडीवर प्रार्थनामंदिर उभारले. १८६१ साली आपल्याच कुळातील ईडा नामक कन्येशी त्याचा विवाह झाला. पॅरिस येथे ईडाबाईंची प्रकृती ढासळली, तेव्हा १८६४ साली ते दांपत्य वेस्टफालियातील डेलविग या खेडेगावी आले व तेथील मंडळीची पाळकी त्याने पतकरली.

याच खेड्यात त्यांच्यावर आयुष्यातील सर्वांत मोठे संकट कोसळले. १८६९ च्या जानेवारी महिन्यात साथीचा रोग घरात शिरला, आणि अवघ्या दोन आठवड्यांत त्यांची चारही लेकरे एकामागून एक मृत्यू पावली. महिन्याच्या आरंभी ज्या घरात चार मुलांचा गलबला होता, ते घर महिनाअखेर निःशब्द झाले. आईबापांनी देवाला सोडले नाही. पण त्यांचे दुःखही हलके नव्हते. या चार लेकरांच्या जीवनाविषयी व मरणाविषयी बोडेलश्विंगने पुढे एक लहानसे पुस्तक लिहिले. देव मनुष्याशी किती कठोर वागू शकतो हे त्या दिवसांत आपल्याला कळले, आणि त्यामुळेच आपण इतरांशी दयेने वागावयास शिकलो, असे तो पुढे सांगत असे. पुढे देवाने त्यांना आणखी चार अपत्ये दिली. परंतु पहिल्या चारांच्या थडग्यांपाशी जे हृदय मऊ झाले, ते पुन्हा कठीण झाले नाही.

इकडे बीलेफेल्ड शहराबाहेर १८६७ साली काही ख्रिस्ती गृहस्थांनी एका जुन्या शेतवाडीत अपस्मार झालेल्या थोड्या मुलांसाठी आश्रयगृह उघडले होते. त्या काळी या रोग्यांना शाळा घेत नसत, कारखाने ठेवीत नसत, आणि पुष्कळांची भरती वेड्यांच्या इस्पितळात होई. १८६९ साली त्याच शहरी डीकनेस, म्हणजे रोग्यांची सेवा करणाऱ्या व्रतस्थ भगिनी, यांचे एक गृह स्थापन झाले. १८७२ च्या आरंभी या दोन्ही कामांची जबाबदारी बोडेलश्विंगवर आली. भगिनींचे गृह रोग्यांच्या वस्तीशेजारीच असले पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. कारण शिकणारे हात व दुखणारे शरीर एकमेकांपासून दूर राहिले तर सेवा ही पुस्तकी विद्या होऊन बसते.

वस्तीला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव मिळाले. भगिनीगृहाला सारफथ हे नाव पडले. ज्या विधवेच्या मडक्यातील पीठ सरले नाही, तिच्या गावाचे ते नाव. सेवा करणाऱ्या बंधूंसाठी १८७७ साली नासरेथ नावाचे गृह निघाले. १८८४ साली टेकडीवर सियोन मंदिराचे समर्पण झाले, आणि ज्यांना फेफऱ्याच्या भीतीने इतर मंदिरांत कोणी बसू देत नसे, ते तेथे निर्धास्तपणे उपासनेस बसू लागले.

बेथेलची रीत समजून घेण्याजोगी आहे. सर्व रोग्यांना एका प्रचंड इमारतीत कोंडून ठेवणे बोडेलश्विंगला मान्य नव्हते. लहान लहान घरे, प्रत्येक घरात बापासारखा व आईसारखी कोणी तरी प्रमुख, आणि त्यांच्याभोवती रोगी कुटुंबासारखे राहत. दुसरा नियम कामाचा. ज्याच्याने जेवढे होईल तेवढे त्याने करावे : कोणी बागेत, कोणी गोठ्यात, कोणी भटारखान्यात, कोणी पुस्तकबांधणीत. रिकामा बसलेला रोगी स्वतःला ओझे समजू लागतो. ज्याच्या हातची भाकर दुसरा खातो, तो मनुष्य म्हणून ताठ उभा राहतो.

परंतु सर्वच रोगी बेथेलला येऊ शकत नव्हते, आणि सर्वांनी यावे असेही नव्हते. म्हणून मदत घरापर्यंत गेली. सारफथच्या भगिनी दूरदूरच्या मंडळ्यांत पाठविल्या जात. तेथे त्या घरोघर फिरून आजाऱ्याला न्हाऊ घालीत, अंथरूण बदलीत, थकलेल्या आईला थोडी विश्रांती देत, आणि कोणत्या घरी काय उणे आहे ते पाळकाला कळवीत. त्या काळी फेफऱ्यावर ब्रोमाइड हे औषध नव्याने चालू झाले होते. बेथेलच्या औषधालयातून ते दूरच्या रोग्यांनाही पाठविले जात असे. ज्या बापाला बीलेफेल्डचा रस्ताही ठाऊक नव्हता, त्याच्या दारी असा कोणाचा तरी हात पोहोचला.

पैसा कोठून आला? सरदारांचे दान होते, राजघराण्याचा लोभही होता. परंतु फार मोठा भाग गरिबांच्या पैशापैशाने जमला. १८९० साली त्याने जुने कपडे, जोडे, भांडीकुंडी गोळा करण्याचे काम काढले. पाच भाकरींच्या चमत्कारानंतर उरलेले तुकडे गोळा करविण्यात आले, त्यावरून त्या कामाला नाव दिले. एका घरी जे अडगळ होते ते दुसऱ्या घरी पांघरूण झाले.

त्याची दया फेफऱ्याच्या रोग्यांपुरतीही थांबली नाही. कामधंद्यावाचून रस्तोरस्ती भटकणाऱ्यांसाठी १८८२ साली त्याने विल्हेल्म्सडोर्फ ही वसाहत स्थापिली. तेथे भिकेऐवजी काम, आणि कामाबरोबर अन्न व निवारा मिळे. मजुरांना हप्त्याहप्त्याने स्वतःचे घर घेता यावे म्हणून १८८५ साली संस्था काढली. १९०३ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तो प्रशियाच्या विधिमंडळात निवडून गेला, आणि भटक्या मजुरांच्या निवाऱ्याचा कायदा १९०७ साली करवून घेतला. पूर्व आफ्रिकेतील मिशनकार्यालाही बेथेलहून सेवक गेले. त्याची सहधर्मिणी १८९४ साली निवर्तली होती. २ एप्रिल १९१० रोजी तो प्रभूजवळ विसावा घ्यावयास गेला. थोड्या मुलांनिशी सुरू झालेली ती शेतवाडी तोवर एक गावच बनली होती, आणि ते कार्य आजही चालू आहे.

पुढची गोष्ट सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. वडिलांनंतर धाकटा मुलगा फ्रीड्रिख बेथेलचा प्रमुख झाला. हिटलरच्या राज्यात असाध्य रोगी हे राष्ट्राला भार ठरवून त्यांना ठार मारण्याची योजना निघाली. १९४० साली रोग्यांची माहिती भरून मागविणारे सरकारी कागद आले, तेव्हा ते भरण्यास बेथेलने नकार दिला, आणि पुष्कळ जीव वाचले. तथापि त्याच वर्षी तेथील काही ज्यू रोग्यांना नेऊन मारण्यात आले, आणि त्यापूर्वी सक्तीच्या नसबंदीच्या कायद्याला बेथेलनेही मान तुकविली होती. देवाचे घर म्हणविणाऱ्या ठिकाणीही जागरण ढळू शकते, हे आपण विसरू नये.

प्रिय वाचकहो, मार्काच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात एक बाप आपल्या पीडित मुलाला घेऊन प्रभूकडे येतो. शिष्यांच्याने काही झाले नाही, लोकांचा घोळका वाद घालीत उभा होता. प्रभूने बापाला, हे कधीपासून होत आहे, असे विचारले. मुलाला उठविण्यापूर्वी त्याने बापाचे ऐकून घेतले. बोडेलश्विंगने आयुष्यभर हेच केले, आणि आमच्या मंडळ्यांनाही हे करता येण्याजोगे आहे.

आपल्या गावात असे घर असेल तर पाळकाने, उपदेशकाने, वडीलमंडळाने तेथे जावे व प्रथम ऐकावे. फेफरे हा मेंदूचा रोग आहे. तो पापाचा शिक्का नव्हे, आणि उष्ट्याने किंवा स्पर्शाने लागत नाही. प्रार्थना अवश्य करावी. पण रोग्याला मारझोड, उपासमार किंवा धुरी देणे हे प्रार्थनेच्या नावाखालीही घडू देऊ नये. झटका आला असता कांदा किंवा जोडा हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. जवळची कठीण वस्तू दूर सारावी, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, कुशीवर वळवावे, आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तत्काळ दवाखान्यात न्यावे. आज बोडेलश्विंगच्या काळापेक्षा पुष्कळ चांगली औषधे आहेत. ती नेमाने घेतल्यास दहांपैकी सुमारे सात रोग्यांचे झटके थांबू शकतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी, गावच्या आशाताईंना सांगावे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून गोळ्या एकाएकी बंद करू नयेत.

आणखी एक काम आहे, त्याला पैसा लागत नाही. रविवारी उपासनेच्या वेळी मंडळीतील एखादी बहीण त्या घरी जाऊन बसली, तर कित्येक महिन्यांनी त्या आईला प्रभुभोजनाला येता येईल. दवाखान्याच्या दिवशी एखाद्या तरुणाने सोबत केली, तर बापाची मजुरी बुडणार नाही. आणि तो मुलगा मंदिरात आला, तर त्याला मागच्या दाराशी न बसविता आपल्याशेजारी जागा द्यावी. अशी जागा ज्या मंडळीत मिळते, ती मंडळी लहान असो की मोठी, तेथे बेथेल आहे.