रायफायझन ह्यांचे चरित्र

ज्या सोसायटीतून आपले शेतकरी बंधू बी-बियाण्यासाठी कर्ज काढितात, तिचे मूळ कोठे आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझन ह्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

त्यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी जर्मनीतील हाम गावी झाला. सतराव्या वर्षी ते फौजेत शिरले; परंतु नेत्रविकारामुळे ती नोकरी सोडावी लागली. १८४५ साली ते वायरबुश येथील ग्रामाधिकारी झाले.

१८४६-४७ च्या हिवाळ्यात तेथे दुष्काळ पडला. सुखवस्तू लोकांकडून निधी जमवून त्यांनी धान्य आणविले, गावची भट्टी बांधिली आणि गरिबांस उधारीवर पाव दिला.

दुष्काळ सरला, पण दारिद्र्य सरले नाही. शेतकरी उधारीने गाय घेई. हप्ता चुकला की व्यापारी ती ओढून नेई. १८४९ साली फ्लामर्सफेल्ड येथे रायफायझन ह्यांनी एक साहाय्यकारी संस्था स्थापिली. ती गुरे विकत घेऊन शेतकऱ्यांस हप्त्यांनी देत असे.

तथापि ही कामे श्रीमंतांच्या जामिनकीवर चालत. पुढे हेडेसडॉर्फ येथे देणाऱ्यांचा उत्साह ओसरू लागला. तेव्हा १८६४ साली त्यांनी नवी पतपेढी काढिली. तीत कर्ज घेणाऱ्यानेच सभासद व्हावयाचे आणि सर्वांनी एकमेकांस जामीन राहावयाचे. एकट्या गरिबास पत नव्हती. सर्वांनी मिळून जबाबदारी घेताच पैसा माफक व्याजाने मिळू लागला. पेढीचे क्षेत्र लहान ठेवीत, म्हणजे प्रत्येकास शेजाऱ्याची चालचलणूक ठाऊक असे. पंच विनावेतन काम करीत, व नफा संस्थेच्या गंगाजळीत राही.

शेजाऱ्याची सेवा हे प्रभूने लाविलेले कर्तव्य होय, अशी त्यांची श्रद्धा होती. १८६३ साली पत्नी वारली, दृष्टीही मंदावली. तरी कन्या आमालिया हिच्या साहाय्याने त्यांनी काम चालविले आणि १८६६ साली ह्या पेढ्यांविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. ११ मार्च १८८८ रोजी ते निवर्तले.

पुढे मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन ह्यांनी ह्या पद्धतीची शिफारस केली, आणि १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. आज महाराष्ट्रात गावोगावी असलेल्या सेवा सोसायट्या त्याच वंशातील होत.

बंधुजनहो, अशा पेढीचे खरे भांडवल सभासदांचा शब्द हेच असते. जो ऐपत असून तिचे कर्ज बुडवितो, तो आपल्या शेजाऱ्याच्याच ताटातील भाकर काढून घेतो, हे आम्ही कधी विसरू नये.