घर गहाण ठेवून आणलेले पदक

माळेगावच्या यात्रेत खंडोबाचे दर्शन झाले, की आमच्या भागातल्या माणसांचे पाय आपोआप कुस्त्यांच्या फडाकडे वळतात. रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत लोक उन्हात बसून असतात. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांचे नाव तिथे आजही आदराने निघते. खाशाबा जाधवांचे नावही निघते. पण पदकाच्या पलीकडे त्यांची हकिकत फारशी कोणी सांगत नाही.

ती हकिकत मला कायम ओढत आली आहे. कारण तीत एक कर्जप्रकरण आहे आणि माझी उमर कर्जाच्या फायली चाळण्यात गेली.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. घरातच तालीम म्हटल्यावर पोराला लंगोट लवकर मिळाला. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात झाले. चण लहान, पण डोके चपळ. ढाक मारण्यात त्यांचा हात धरणारा क्वचितच भेटे.

१९४८ साली ते लंडन ऑलिंपिकला गेले. त्या वारीचा बराचसा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लाल मातीत वाढलेल्या या गड्याला तिथे गादीवर लढायचे होते. नियम निराळे, गुणांचा हिशेब निराळा. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला आणि घरी येताना एक गोष्ट पक्की बांधून आणली : पुढच्या खेपेला रिकाम्या हाताने परतायचे नाही.

पुढची खेप १९५२ ची, फिनलंडमधल्या हेलसिंकीची. निवडीतच वशिलेबाजी झाल्याची त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लागली आणि खाशाबांनी ती मारली. निवड झाली; आता पैशाचे काय? गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली, ओळखीपाळखीच्यांनी हातभार लावला, तरी रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी काय केले असते? कर्जदाराचे वय २६, स्थिर उत्पन्न नाही, प्रयोजन परदेशी जाऊन कुस्ती खेळणे, परतफेडीचे साधन शून्य. नियमावर बोट ठेवून मी तो परत केला असता आणि त्यात माझी काही चूकही निघाली नसती. खर्डेकरांनी मात्र तारण स्वतःचे दिले आणि भरवसा माणसावर ठेवला.

हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग जपानचा इशी आणि सोव्हिएत रशियाचा ममादबेयोव हे दोन खंबीर गडी आले. या दोन लढतींच्या मध्ये नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला भारतीय पथकातला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेल्या अंगाने ते लढले आणि दोन्ही कुस्त्या गेल्या. इशीला सुवर्ण, ममादबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

कऱ्हाडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गुलाल खाली बसला आणि खाशाबांनी आधी काय केले? कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवले. माझ्या लेखी हे दुसरे पदक.

देशाची परतफेड मात्र रेंगाळली. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. बढतीची वाट पाहण्यात वर्षे गेली. सहायक पोलीस आयुक्त हे पद मिळाले ते निवृत्तीच्या तोंडावर. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. भारताला पुढचे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. लिअँडर पेसने ते टेनिसमध्ये मिळवले. त्यानंतर सरकारला खाशाबा आठवले. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. दिल्लीतल्या एका क्रीडागृहाला त्यांचे नाव लागले. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक पदक मिळाले ते थेट २०२४ मध्ये, पॅरिसला, कोल्हापूरकडच्याच स्वप्नील कुसाळेच्या नेमबाजीतून. मध्ये ७२ वर्षे गेली.

खाशाबांनी घेतलेले कर्ज वेळेवर फेडले. त्यांचे देणे आपण ते गेल्यावर, हप्त्याहप्त्याने फेडले. माळेगावच्या फडात एखादा किडकिडीत पोरगा आपल्या दुप्पट गड्याला पाठीवर पाडतो तेव्हा टाळ्या सगळेच वाजवतात. मला त्या वेळी गर्दीत एखादा खर्डेकर दिसतो का, हे शोधायची सवय लागली आहे.