तापमानवाढ १९३८ मध्येच मोजली, पण तज्ज्ञांना पटली नाही! कोण होते गाय कॅलेंडर?

हवामान बदल खरा की थोतांड, हा वाद आजचा नाही. गाय कॅलेंडर (१८९८-१९६४) यांनी तो १९३८ मध्येच अनुभवला. ते हवामानशास्त्रज्ञ नव्हते. वाफेवर संशोधन करणारे ब्रिटिश इंजिनिअर होते. फावल्या वेळेत त्यांनी जगभरातील १४७ केंद्रांच्या तापमानाच्या नोंदी जमवल्या आणि हाताने आकडेमोड केली.

काय आढळले?
५० वर्षांत इंधन जाळून माणसाने सुमारे १५,००० कोटी टन कार्बन डायऑक्साईड हवेत सोडला होता. तापमान वर्षाला सरासरी ०.००५ अंश सेल्सिअसने वाढत होते.

विरोध का झाला?
लंडनच्या रॉयल मेटिऑरॉलॉजिकल सोसायटीतील तज्ज्ञांना वाढ हा योगायोग वाटला. वायूची जुनी मोजमापेही कच्ची होती. कॅलेंडर वाद घालत बसले नाहीत, पुढची २५ वर्षे आकडे जमवत राहिले. मात्र ही वाढ माणसाच्या फायद्याची ठरेल, हा त्यांचा अंदाज चुकला.

पुढे काय झाले?
१९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे कार्बन डायऑक्साईडचे अचूक मापन सुरू झाले. तिथला आलेख तेव्हापासून वरच चढतो आहे. शंकेला उत्तर मिळाले ते मोजमापातून.